पाव अँपिअरात माणूस राहते, त्याबद्दल

प्रति,
मा. सेक्शन ऑफिसर साहेब,
वीज खाते, आमच्या भागाचे ऑफिस,
जि. बेळगाव

विषय : माझे घर "वापरात नाही" हा शेरा खोडून लाईट चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : पुढच्या दारावर चिकटवलेली आपली चिठ्ठी.

महोदय,

आपला लाईनमन शामू याच्या वागणुकीबद्दल हा अर्ज करते. सदर शामू भर दुपारी आमच्या कट्ट्यावर चढला, मीटरच्या तारेला चिमट्याचं यंत्र लावलं, आकडे मांडले, चिठ्ठी चिकटवली आणि गेला. हाक मारली नाही. आमच्यात वैऱ्याच्या दारात गेलं तरी "कोण हाय काय घरात" म्हणतात.

चिठ्ठी कन्नडात आहे, त्याची तक्रार नाही. शेजारच्या जयाबाईने वाचून दाखवली. आकडे मला वाचता येतात. व्होल्टेज २३०, करंट ०.२६, दोन्हीचा गुणाकार साठ वॅट. म्हणजे एक बल्ब चुकून चालू राहिला आहे, दाराला कुलूप आहे, घरात कोणी राहत नाही, सबब लाईट तोडावी, असे त्याने लिहिले आहे.

गुणाकार बरोबर आहे. माझे मालक (नाव खाली सहीत आहे) मोटारी रिवाइंडिंग करायचे. भाकरी मोडतानासुद्धा व्होल्टला अँपिअरने भागत बसायचे. त्यामुळे दुसरीत शाळा सुटली तरी एवढं मला कळतं. चूक गुणाकाराच्या पुढं आहे.

कुलपाचा खुलासा : मुलगा आदर्श पुण्याला बिऱ्हाड घेऊन गेला, तेव्हा पुढच्या खोल्यांत त्याचं सामान म्हणून त्यानेच ते लावलं. किल्ली त्याच्याकडे. एका फोनवर मिळेल, पण तो फोन मी करणार नाही. ज्यानं लावलं त्यानं येऊन काढावं. तोवर मी परसदारानं येते-जाते. मागच्या स्वयंपाकघरात दिवसाही अंधार, म्हणून बल्ब. तो चुकून राहिलेला नाही, मी लावलेला आहे.

पूर्वी ह्याच तारेतून आठ अँपिअर जायचे. सुनेचा मिक्सर, नातीची इस्त्री, आदर्शचा गिझर. फ्यूज उडाला की मी सगळ्यांवर ओरडायची. आता ओरडायला कोण न्हाय. व्होल्टेज तेवढंच राहिलं, करंट उतरला, त्यामुळं मालकांच्या रीतीने भागलं तर घराचा रेझिस्टन्स एकोणतीस ओहमवरून नऊशेच्या आसपास गेला. घर तेच आहे साहेब, माणसं कमी झाली.

अंधाराला मी भीत नाही. पण लाईट तुटली हे आदर्शला कळलं, की तो म्हणेल, आता तरी चल. आणि मला नको म्हणायला तोंड राहणार नाही. तरी शेरा खोडावा व तिथं "एक बाई राहते" असं लिहावं.

आपली नम्र, आणि घरातच असलेली,
गुणाबाई रवळू निलजकर
मु. कंग्राळी
तारीख : संकष्टीचा दुसरा दिवस
सोबत : आपली चिठ्ठी (फाडलेली नाही, सोडवून घेतली आहे)

ता. क. : अर्ज घेऊन निघते तोच शामू फ्यूज काढायला आला. मला परसात बघून म्हणतो, "आज्जी, तुम्ही हाईसा व्हय? मला वाटलं घर रिकामं हाय." त्याला जे सांगितलं ते आपल्यालाही माहीत असावं : "हिशोब तुझा बरोबर हाय रं शामू, पर चूल मीटरात येत न्हाय. बस, चहा घे. आन् पुढल्या खेपेला तारंला चिमटा लावायच्या आधी हाक मार. ओ द्यायला मी हाय."