यंत्राचं तिसरं उत्तर

प्रिय जरीना,

तुझं पत्र पोचलं. धायरीचं घर तुझ्या नावावर व्हायचं तर मन्सूर आता नाही असं कोर्टाने मानायला हवं, आणि साक्षीला मी हवी. एवढं साधं उत्तर द्यायला मला महिना लागला. टपालखात्यावर ढकलता आलं असतं, पण तू ऐकून घेणाऱ्यातली नाहीस.

तुझा नवरा आणि मी कॉलेजात संगणकाला तर्कशास्त्र शिकवत होतो, आठवतं ना? आधी साधी विधानं भरायची, मग नियम, मग प्रश्न विचारायचे. परदेशी पुस्तकातली उदाहरणं नकोत म्हणून मन्सूरने आपलीच माणसं भरली. मन्सूर जरीनाचा नवरा आहे. मन्सूर धायरीला राहतो. हेमा खवचट आहे. हे शेवटचं मला न विचारता. यंत्राचा एक ठाम नियम होता: जे भरलेलं नाही, ते खोटं. मन्सूरला तो कधीच पटला नाही. ‘माहीत नाही’ असं तिसरं उत्तर हवं, म्हणायचा. मी म्हणायचे, अरे बाबा, यंत्र पुण्याचं आहे. स्वारगेटला कोणालाही पत्ता विचार, ‘माहीत नाही’ म्हणणारा तू एकटाच सापडशील.

मग त्या रविवारी त्याने खडकवासल्याची बस धरली आणि कुठे उतरला ते कोणालाच कळलं नाही. पोलिसांनी धरण शोधलं, तू दर्गे पालथे घातलेस, आणि मी काय केलं सांगू? यंत्राला विचारलं. मन्सूर जिवंत आहे का? नाही. मन्सूर मेला आहे का? नाही. दोन्हीपैकी काहीच कोणी भरलेलं नव्हतं. नियमाने उत्तर चोख. तेव्हापासून तो मला तसाच दिसतो, दोन नकारांच्या मधे उभा. आणि धायरीला राहतो का विचारलं, तर यंत्र अजून ‘हो’ म्हणतं.

येते मी. पण वकीलसाहेबांना सांग, मन्सूर वारला का असं मला विचारू नका. त्याची काही खबर आली का, एवढंच विचारा. मी ‘नाही’ म्हणेन, आणि ते खरं असेल. इतकी वर्षं खबर नाही म्हणजे माणूस नाही, हा कोर्टाचा नियम. आमच्या यंत्राचा थोरला भाऊच. घर तुझं होईल, व्हायलाच हवं. फक्त तिथे माझं ‘नाही’ ऐकशील, तेव्हा मीही त्याला पुरलं असं समजू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलं. काल मी त्याचं तिसरं उत्तर यंत्रात घातलं आणि जुना प्रश्न पुन्हा विचारला. मन्सूर जिवंत आहे का? ‘माहीत नाही,’ म्हणालं. अगदी त्याच्यासारखं.

तुझीच, नोंदीप्रमाणे खवचट,
हेमा