हद्दीचे चव्वेचाळीस दगड

४ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा हात जोडून सा. न. वि. वि.

जोडलेल्या हातांची सालं निघालीत, तेवढं सोडून मी खुशाल आहे. आपल्या गावाचा सामाईक माळ घरटी वाटून टाकायचा का, यावर सभा आहे. त्याआधी अशी जमीन एकत्र सांभाळणारी गावं बघून यायला समितीने सुताराला आणि मला पाठवलंय. कॉलेज सोडलेला रिकामा पोरगा म्हणून माझी निवड झाली, असं काका चारचौघांत म्हणाले. म्हणू देत!

खरं तर मी आलो तो मोजणीवालीसाठी. या गावांच्या जमिनी तीच मोजते, दौऱ्यात गावंही तीच दाखवते. कॉलेज मी तिच्यापायी सोडलं असं तू म्हणतेस, ते साफ खोटं आहे. म्हणजे निम्मं.

इथली एक रीत ऐक. सभेत जो आवाज चढवेल त्याच्या हाती चुन्याची बादली देतात. त्याने हद्दीचे सगळे दगड रंगवून यायचं, तोवर ठराव थांबतो. परवा एक पाहुणा म्हणाला की सगळ्यांची जमीन म्हणजे कुणाचीच नाही. माझं डोकंच फिरलं. अध्यक्षीणबाईंनी बादली माझ्यापुढे सरकवली. एकसष्ट दगड, दीड दिवस! मोजणीवाली पायरीवर बसून खुशाल हसत होती. पण ताई, चाळिसाव्या दगडापाशी राग संपला आणि मी पहिल्यांदा जमिनीकडे बघितलं.

बाबांच्या पायाचं कळव. लोभ आहे तेवढाच ठेव, ओरडा जरा कमी कर.
तुझा धाकटा


९ जानेवारी

चि. तापटरावांस,
ताईचे आशीर्वाद, कान पिळून.

हातांना मलम लाव. बाबांचं प्लास्टर अजून तीन आठवडे. माझ्याच वॉर्डात आहेत, त्यामुळे मला नर्स कमी आणि मुलगी जास्त समजतात. शेजारच्या खाटेवाल्याला सल्ले देऊन हैराण केलंय.

आता नीट वाच. काकांनी सभा अलीकडे ओढली, सतरा तारखेला. घराला मत एकच. बाबा इथे, तू तिथे, म्हणजे ते काका देणार आणि वाटणीला हो म्हणणार. शेजारचा मळेवाला टपूनच बसलाय. वाटणी झाली की झऱ्याकडचे तुकडे तो घेणार. मग पाण्याला कुणाच्या दारात जायचं? आपल्या जागी तू मत द्यावंस, अशी चिठ्ठी बाबांनी दिलीय. सोबत पाठवते.

तुझा दौरा पंचवीसपर्यंत आहे हे मला माहीत आहे. तिच्यासोबतचे दिवस सोड असं मी म्हणणार नाही. कॉलेज सोडलंस, दोन नोकऱ्या सोडल्यास. या खेपेला काय सोडतोस आणि काय धरतोस, ते तूच ठरव.

माया आहे म्हणून बोलते.
तुझी ताई


१३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

निघालो. उरलेली गावं सुतार बघेल.

तिचा निरोप घ्यायला गेलो. मनातलं बोलणारच होतो, तर तिनेच विचारलं की तुमच्या माळाला हद्दीचे दगड किती. मला सांगता येईना. ती म्हणाली की आधी ते मोजून या, मग बाकीचं विचारा. म्हणजे बाकीचं तिला कळलं होतं तर!

बादली मागून घेतलीय. बसमध्ये मांडीवर धरून बसलोय, कंडक्टर तिचंही तिकीट मागत होता.

मी ओरडणार नाही. तू विश्वास ठेव, म्हणजे मलाही ठेवता येईल.
धाकटा


२४ जानेवारी

ती. ताईस,
चुन्याने पांढऱ्या झालेल्या हातांचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण एका उत्तराची वाट बघत होतो.

सभेत बाबांची चिठ्ठी ठेवली. काका म्हणाले की कॉलेज धड न करणारा घराचं मत काय देणार. जीभ दाताखाली धरली गं, शप्पथ. बादली पुढे ठेवून एवढंच म्हणालो की वाटण्याआधी आहे किती ते बघू. काका उसळले, सगळे चव्वेचाळीस दगड आपल्याला पाठ आहेत म्हणून ओरडले. लोक म्हणाले, मग दाखवा. तशी माझ्यापुढची बादली उचलून तेच तरातरा पुढे निघाले. मी ब्रश घेऊन मागे, माझ्यामागे अख्खी सभा.

सापडले अडतीस. नसलेले सहाही झऱ्याच्या बाजूचे, आणि तिथे मळेवाल्याची नवी भिंत! काका बादली उपडी करून तिच्यावर बसले. मग म्हणाले की आधी सहा दगड परत, मग वाटणीचं बोलू. वाटणीला ते अजून हो म्हणतात, मी अजून नाही म्हणतो. पण मोजणी होईपर्यंत ठराव बाजूला, आणि घराचं मत बाबांच्या चिठ्ठीप्रमाणे माझं.

मोजणीसाठीचा अर्ज समितीने मलाच लिहायला सांगितला. चार कागद फाडले. पाचव्यात फक्त कामाचं लिहिलं: चव्वेचाळीसपैकी अडतीस.

आज उत्तर आलं. ती सोमवारी येतेय. लिहिलंय की मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरायला एखादा शांत माणूस तयार ठेवा.

समितीच्या वहीत मी माझंच नाव लिहून आलोय. काका वाचून हसले, पण खोडलं नाही.

बाबांना सांग. तुझा लोभ पाठीशी असू दे, सोमवारी लागेल.
तुझा धाकटा