ती उडी मी ठरवून मारली

आदरणीय लायटगेबबाई,

चौऱ्याहत्तर सालच्या आइस-स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत, आपल्या ग्राझ शहरातच, मी बुटाच्या पात्याने बर्फावर कोरलेले आठचे आकडे तपासायला पंच गुडघ्यांवर बसले होते आणि त्या फेरीत मी पहिली आले. संगीतावरच्या फेरीआधी माझ्या प्रशिक्षक म्हणून तुम्ही बजावलंत, "वाल्ट्राउट, तीन गिरक्यांची ती तिहेरी उडी मारायची नाही. नुसती उभी राहिलीस तरी सोनं तुझंच आहे."

मी मारली आणि पडले. तिसरी आले. कठड्याशी येऊन तुम्हाला म्हणाले, "पात्याला धारच नव्हती." मठाच्या शाळेत सिस्टरांनी दर शनिवारी पाप कबूल करायला शिकवलं होतं, पण हे मी तिथेही सांगितलं नाही. धार लावणाऱ्या त्सेखनरकाकांकडे तुम्ही पुन्हा एकाही मुलीला पाठवलं नाहीत.

उडीचा मला आजही पस्तावा नाही. हवेत होते तेवढा वेळ देशात माझ्यासारखी कुणी नव्हती. खोटं मात्र सलत राहिलं.

परवा काकांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते हसले. "पोरी, मला त्याच दिवशी कळलं होतं. धार नसती तर तू एवढी उंच गेलीच नसतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"मला दुसरी गिऱ्हाइकं होती. तुझ्या पाठीशी तुझी ती लायटगेबबाई एकटीच होती."

त्यांच्यावरचा ठपका नुसत्या पत्राने पुसला जाणार नाही, म्हणून हे टपालात टाकत नाही. रविवारी काकांना घेऊन तुमच्याकडे येते आणि त्यांच्यासमोरच सांगते.

तुमची, अजूनही न ऐकणारी,
वाल्ट्राउट