शंभर ग्रॅममध्ये काय आहे

आई, आज दुकानात मी शेजारणीच्या हातातला बिस्किटांचा पुडा चक्क हिसकावून घेतला. तिची साखर वाढली आहे. पुढच्या तपासणीत उतरली नाही तर रोज इंजेक्शन, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि ही बाई बिनसाखरेची म्हणून चहाबरोबर सहा-सहा बिस्किटं खाते.

"अगं, साखर नाही असं एवढं मोठं लिहिलंय की!"

"मोठं लिहिलेलं कंपनीचं, बारीक लिहिलेलं आपलं. मागे बघ."

हे मला तूच शिकवलंस. चौथीतून काढून तू मला जुन्या नाशकात चिवड्याच्या कारखान्यात नेलंस. तळलेले पोहे वर्तमानपत्रांवर पसरायचे, आणि मी वाकून तीच तेलकट अक्षरं वाचायची. "कागद वाचून पोट भरणार आहे का, कार्टे?" म्हणत तू झारा उगारतेस. पण तळण संपलं की कढईपाशी बोलावतेस. "सकाळी डबाभर तेल ओतलं. तळाशी एवढंच उरलं. बाकीचं कुठे गेलं?" मी कागदाकडे बोट दाखवते. तू हसतेस. "कागद पितो चमचाभर. बाकी सगळं पोह्यात. हाताला कोरडं लागतं म्हणून फसायचं नाही."

आज मी शेजारणीला तसंच विचारलं, "शंभर ग्रॅम बिस्किटांत साखर नाही, मग आहे काय?" मुलीच्या पुस्तकांतून शिकलेली इंग्रजी अक्षरं जुळवत तिला एकेक ओळ सांगितली. कर्बोदकं सत्तर, म्हणजे बहुतेक मैदाच, आणि त्याची पोटात साखरच होते. फॅट अठरा, म्हणजे तेल-तूप. "आणि हे शंभर ग्रॅमचं. तू तर दिवसभरात अख्खा पुडा संपवतेस."

"मग आता काय, पुड्याचं प्लास्टिक खाऊ?"

"खा. त्यात कर्बोदकं नाहीत."

आम्ही इतक्या हसलो की गल्ल्यावरचा माणूस उठून बघायला आला. तिने पुडा ठेवून फुटाणे घेतले. तेही मूठभरच, असं मी कबूल करून घेतलं.

हे गेल्यापासून घरात येईल तो छापील कागद मी वाचते. डबे, बाटल्या, औषधांच्या चिठ्ठ्या. घर तेवढंच जरा बोलतं.

परतताना तिने विचारलं, "कितवी शिकलीस गं तू?" माझ्या लग्नाच्या बोलणीत तू दहावी सांगितलं होतंस, तेव्हापासून मीही तेच सांगत आले. आज म्हणाले, "चौथी. पुढचं आईकडे." फार मोकळं वाटलं.

तू आता नाहीस, तेव्हा हे पत्र वहीतच राहील. यांना मात्र मी कधी खरं सांगितलं नाही. आपली बायको दहावी पास आहे, याचा त्यांना शेवटपर्यंत कोण अभिमान होता.