सीटखालची लाल वायर

६ मे, सोमवार

नोकरी लागली! कॉलेज सोडल्याला आठ महिने झाले, आणि आठ महिन्यांत आज पहिल्यांदा माझ्या ताटात पोहे वाढताना आईने उसासा टाकला नाही.

मुरार छावणीच्या पुढे ठाकूर दिग्विजयसिंहांचं यार्ड आहे. फौज जुने डिझेल ट्रक लिलावात काढते, ठाकूरसाहेब ते उचलतात, आम्ही त्यांना माणसांत आणतो, मग ते कुठल्या खदानीवर नाहीतर बोअरवेलवाल्याकडे जातात. वायरिंग माझ्याकडे. म्हणजे इलेक्ट्रिकलची अडीच वर्षं अगदीच वाया गेली नाहीत. ठाकूरसाहेबांनी विचारलं, डिग्री का सोडली. खरं ते सांगून टाकलं. हेमांगीबद्दल एक जण वाकडं बोलला, मी त्याचा दात पाडला, कॉलेजने माफीनामा मागितला, मी दिला नाही. ते इतके हसले की बशीतला चहा सांडला. म्हणाले, यहाँ हाथ मीटर पे चलाना, आदमी पे नहीं.

माझे उस्ताद महिपतराव. फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर, आपल्यातलेच मराठी, पण शिवी मात्र हिंदीतच देतात. मला 'इंजिनिअरसाहेब' म्हणतात, ते टोमण्याने. आवडले मला.

संध्याकाळी खासगी बाजारात हेमांगीच्या घरावरून मुद्दाम दोनदा सायकल काढली. वरच्या खिडकीत होती. हातातला पाना दाखवला. हसली.

८ मे, बुधवार

फौजी गाडी चोवीस व्होल्टची, बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. बाहेरचे मिस्त्री गाणी लावायला एकाच बॅटरीतून बारा काढतात. ती एकटी रिकामी होत जाते आणि दुसरी उकळते. महिपतराव म्हणाले, जोडीत असंच होतं. मला हेमांगी आठवली. मला सगळ्यावरून तीच आठवते.

यार्डात एक रिवाज आहे. नकाशात नसलेली वायर दिसली की तिला पांढरी चिंधी बांधायची. दोन्ही टोकं सापडून ती कशासाठी आहे ते कळेपर्यंत कापायची नाही. प्रत्येक ड्रायव्हरने आपली अक्कल घातलेली असते. कुणी पंखा लावलेला, कुणी देवापुढे हिरवा दिवा, एकाने तर चहाचा हीटर. महिपतराव म्हणतात, हर तार किसी ने किसी वजह से डाली है.

आज मला सात नंबरची गाडी दिली. मागे उघडा हौदा नाही, पत्र्याची बंद खोली आहे, भिंतींत जाड अस्तर. वायरलेसवाले आत बसायचे. आतला आवाज पुढे येत नाही म्हणून खोलीत एक बटण, आणि ड्रायव्हरसमोर घंटी. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे दार उघड. दार बाहेरूनच उघडतं, आणि धक्का लागला की कडी आपोआप पडते. म्हणून आत जाताना दारात लाकडाचा ठोकळा अडकवायचाच. महिपतरावांनी हे तीनदा सांगितलं. मी काय बहिरा आहे?

रात्री फोनवर हेमांगीला सगळं सांगितलं. एक, दोन, तीन तिने पाठ करून घेतले. म्हणाली, तू रुसलास की मी तीनदा वाजवीन.

११ मे, शनिवार

चव्वेचाळीस डिग्री. लूच्या गरम झळा चालू. दीड वाजता सगळे लिंबाखाली डबे खात होते, मी सात नंबरच्या केबिनमध्ये. घंटी वाजली. तीनदा. उतरून मागे गेलो, खोली रिकामी. बटण तापून बसलं असेल.

महिपतरावांना सांगितलं तर त्यांनी भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

१४ मे, मंगळवार

रोज दीडला. रोज तीनदा.

आज सीट काढली. खाली दोन कारागिरी सापडल्या. एक छोटा खटका: तो पाडला की घंटीची लाइन तुटते. कुणा ड्रायव्हरला मागच्यांची कटकट नको होती, झालं. दुसरी एक लाल वायर, त्या खटक्याला वळसा घालून सरळ घंटीला गेलेली. म्हणजे खटका पाडला तरी घंटी वाजणारच. एकाने तोंड दाबलं, दुसऱ्याने मोकळं केलं. लाल वायरीला चिंधी बांधली.

मग दोन्ही बॅटऱ्या उतरवून जमिनीवर ठेवल्या. करंटचा प्रश्नच नाही.

दीडला तीनदा वाजली.

१६ मे, गुरुवार

महिपतराव टेपच्या शेवटाला दोरा बांधतात. तीन वेढे आणि एक उलटी गाठ. हे दुसरं कुणी करत नाही. लाल वायरीवर तीच गाठ आहे.

विचारलं. आधी चिडले, माझ्या खानदानापर्यंत गेले. मग ठोकळ्यावर बसून सांगितलं. खटकाही त्यांनीच बसवला होता, ऐन उमेदीत, एका दोस्त ड्रायव्हरसाठी. मागची पोरं मजेत घंटी वाजवत, तो वैतागायचा. असाच मे महिना. लांबचा पल्ला, खोलीत एकच वायरलेसवाला, आणि ड्रायव्हरने खटका पाडलेला. पोचल्यावर दार उघडलं तेव्हा तो गेलेला. दीड वाजला होता. बटणाचं पितळ घासून चकचकीत झालं होतं, म्हणाले. नंतर कुणालाही न सांगता त्यांनी ही लाल वायर टाकली. इतक्या वर्षांनी लिलावातून तीच गाडी यांच्याच दारात.

ते म्हणाले, वाजू दे. जोवर वाजते आहे तोवर कुणीतरी ऐकतं आहे. लाल वायरीला हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे.

मागे जाऊन बटण बघितलं. चकचकीत.

१८ मे, शनिवार

हेमांगीचा साखरपुडा. पुढच्या शनिवारी. पुण्याचा कुणी आहे.

फोनवर रडत होती. म्हणते, बाबांशी बोलले आहे. तिचे बाबा रमाकांतकाका म्हणाले, त्याने माफीनामा देऊन परीक्षेला बसायची तयारी दाखवली तर थांबतो. एक कागद, म्हणते, माझ्यासाठी एक कागद लिहिता येत नाही? मी म्हटलं, तुझ्यासाठी दात पाडला तेव्हा कागद लागला नव्हता. ती म्हणाली, मी सांगितलं होतं का पाड म्हणून?

हे वाक्य. माझी अडीच वर्षं या वाक्यात गेली.

फोन भिंतीवर फेकणार होतो, आणि तेवढ्यात गाडीतली घंटी वाजली. तीनदा. उघड, उघड, उघड. ज्याला त्याला माझ्याकडूनच काहीतरी हवंय. पक्कड घेतली, लाल वायर कापली, चिंधीसकट. खटका पाडला.

काय शांत वाटलं.

२० मे, सोमवार

दोन दिवस घंटी नाही. महिपतरावांनी विचारलं, हात लावलास? नाही म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत बघून. इतकं सोपं असतं.

हेमांगीचे सतरा कॉल. घेतले नाहीत. शेवटी मेसेज: बोलणार नसशील तर शुक्रवारी तुझ्या त्या गाडीत बसून येईन, मग बघते कसा बोलत नाहीस. नुसत्या धमक्या. त्या घरातून एकटी पडावच्या चौकापर्यंत जायची हिंमत नाही तिची.

फोन बंद करून टाकला. बंदच राहू दे.

सात नंबर शुक्रवारी झाशीला जाणार, हे तिला मीच आधी सांगून ठेवलेलं. खदानवाला आत सामान ठेवणार, धूळ नको म्हणतो. आज खोलीच्या हवेच्या झडपा वेल्ड करून बंद केल्या.

२२ मे, बुधवार

परत.

वायर कापलेली आहे. खटका पाडलेला आहे. दीडला तीनदा. आवाज बसका, घसा सुकल्यासारखा.

महिपतरावांना लू लागली, घरी आहेत. त्यांना सांगायला गेलो नाही. काय सांगू —

२३ मे, गुरुवार

घंटी उपटून काढली. डॅशबोर्डवर नुसतं भोक. चिंध्यांत गुंडाळून पिशवीत कोंबली, मुरारच्या नाल्यात फेकणार होतो. हात होईना. पिशवीतच आहे.

रात्री माफीनामा लिहिला. चार ओळी. चार ओळींसाठी आठ महिने. तिला सांगितलं नाही. झाशीहून आलो की कागद घेऊन सरळ रमाकांतकाकांच्या पुढ्यात उभा राहीन. तोवर तिनेही जरा तळमळावं.

२४ मे, शुक्रवार

सकाळी ११. निघतोय. संग्रामसिंह चालवतोय, कानात इयरफोन कोंबून. मी शेजारी. मागचं दार सताड उघडं, ठोकळा कुणी लावला होता कोण जाणे. डोकं आधीच फिरलेलं होतं. ठोकळा पायाने उडवला, आत न बघता लाथ मारून दार लावलं. कडी पडली.

११.२०. पिशवीतून घंटी. तीनदा.
दीड वाजायला वेळ आहे अजून.

११.४५. सारखी वाजते आहे. तीन, थोडं थांबून तीन. संग्रामला ऐकू येत नाही. वही मांडीवर नाचते आहे.

१२.३०. डबरा. रस्त्यापलीकडे चहा घेतला. स्टार्टरचा भरवसा नाही म्हणून इंजिन चालूच ठेवलं होतं, त्याचीच घरघर. संग्राम म्हणाला, भैया, चेहरा कैसा सफेद पड़ गया है. पत्र्याला टेकलो तर हात भाजला.

तीन. तीन.
आता दोन घंट्यांमधलं अंतर वाढतंय —

१.१०. वायर नाही. बॅटरीशी नातं नाही. मांडीवर आहे माझ्या आणि थरथरते. हा तो वायरलेसवाला नाही. त्याची वेळ दीडची. हा दुसरा कुणी —

पुलावर जाम लागलाय. माफीनामा वहीत आहे. तिला आत्ताच सांगतो. रुसवा गेला खड्ड्यात. फोन चालू करतो.

चालू झाला. मेसेज येताहेत. नऊ. सगळे तिचे. वाचतो —

१०.५८ चा: 'पाय दिसला हं तुझा, ड्रामेबाज! दार लावलंस ना, आता झाशीपर्यंत ऐकावंच लागेल माझं'

११.१९ चा: 'फार तापलंय रे आत. तीनदा दाबलं. तूच शिकवलंस ना, तीन म्हणजे'

संग्राम थांबव गा

घंटी थांबली