चाळीस सेकंदांची नोंद

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, आणि आईच्या फोनवरून तुला फसवून गाठणे मला शोभणार नाही. म्हणून हे पत्र. आई ठीक आहे. गुडघा दुखतो, तोंड दुखत नाही. परवा म्हणाली, "तुम्ही दोघं अबोला धरून बसलात आणि मला पोस्टमन करून ठेवलंत. पगार कोण देणार?" पंपदुरुस्तीचे दुकान तू मोठ्या जागेत नेलेस, हे तिच्याकडूनच कळले. पाटीवरचे अक्षर तुझे नसावे, एवढी आशा करते.

मी अजून त्याच खोलीत बसते. तळघरातली ती बिनखिडकीची खोली, एका भिंतीला जाड काच, आणि काचेपलीकडे आपली पोलादी टाकी. दोन हजार मीटर खोल समुद्राचा दाब तिच्यात निर्माण करायचा, पाणी चार अंशांवर आणायचे, आणि समुद्रतळातल्या विहिरीच्या तोंडावरच्या झडपेतले रबरी कडे तिथे काम करते का ते पाहायचे. खालून वायू उसळला तर ड्रिलच्या पाइपाला आवळून विहीर बंद करणारे ते कडेच. ते उशिरा आवळले, तर वर ड्रिल चालवणाऱ्या जहाजावर कोणाला पळायला जागा नसते. तुला हे सांगायची गरज नाही. पण हल्ली मी हे स्वतःलाच रोज नव्याने समजावत असते.

तिथले नियम माझे आहेत, हे तू विसरला नसशील. तिथे असताना तुम्ही सगळे मला पाठीमागे 'मुख्याध्यापिका' म्हणत होता, तेही मला ठाऊक होते. दाबमापकाचा काटा पाहून हाताने लिहिलेली नोंद संगणकाच्या नोंदीशी जुळली, तरच ती पक्क्या वहीत उतरवायची. न जुळली तर खोडायची. कच्च्या वह्या वर्षअखेरीस नष्ट करायच्या. या नीटनेटकेपणासाठी दूरदूरच्या प्रयोगशाळांनी आमचे नियम जसेच्या तसे उचलले. मला त्याचा अभिमान होता. खोटे कशाला लिहू, अजूनही आहे.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी तू लिहिलेस की कडे आवळल्यावर काट्याने मान टाकली, चाळीस सेकंद, आणि मग तो पुन्हा वर आला. संगणक मिनिटाला एकदाच नोंद घेत होता, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या दोन्ही नोंदींत दाब पूर्ण होता. मी सगळ्यांदेखत विचारले, "मान काट्याने टाकली की तू?" सगळे हसले. तूही हसलास. मग मी तुझ्या नोंदीवर रेघ मारली आणि तू पक्क्या वहीवर सही करायला नकार दिलास. मी 'निष्काळजीपणा' असा शेरा लिहून तुला लेखी ताकीद दिली. डिप्लोमा झालेल्या भावाला मीच चिकटवून घेतले होते. त्याला पाठीशी घालते असे कोणी म्हणू नये, एवढीच त्या क्षणी मला फिकीर होती. दुसऱ्या दिवशी तुझी खुर्ची रिकामी होती.

पाच आठवड्यांपूर्वी, तू तपासलेल्या कड्याच्याच खेपेचे एक कडे जहाजावरून तपासणीला परत आले. त्याच्या आतल्या अंगाला केसाएवढी चर होती. आमच्याकडे पीएच.डी. झालेले एक नवे डॉक्टरसाहेब आहेत, ज्यांना रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही, ते म्हणाले, "बांधाबांधीत ओरखडा उठला असेल, मॅडम." मी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ओरखड्याच्या काठाला झुरमुळ्या असतात. ही चर धुतल्यासारखी गुळगुळीत होती. थंडीने कडक झालेले रबर पुरते दबेपर्यंत त्यातून जोराची धार निघून गेली होती. तिला किती वेळ लागला असेल याचे गणित मी तीन वेळा मांडले. उत्तर अडतीस ते बेचाळीस सेकंदांच्या दरम्यानच येत राहिले.

त्या खेपेची कडी तीनच होती. एक तू तपासलेस, ते कधीच भंगारात गेले. दुसरे हे, चर पडलेले. त्याची पुन्हा चाचणी होऊ शकत नाही. तिसरे या घटकेला समुद्रतळावर बसवलेले आहे, आणि जहाजाचे ड्रिल सोळा दिवसांत वायूच्या थरात शिरेल. वर एकशे अठरा माणसे आहेत. मी संचालकांकडे गेले. माणूस सभ्य आहे. त्यांनी चहा मागवला, माझीच नियमावली उघडली आणि वाचून दाखवले की खोडलेली नोंद पुरावा धरता येत नाही. "तुमचंच कलम आहे हो, मी काय करू?" शंका नोंदवायला गेले, तर मोजमापाशिवाय शंका नोंदवू नये, हेही मीच लिहून ठेवलेले. राजीनामा दिला तर माझ्या जागी येणारा पहिल्याच दिवशी कागद बंद करील. गप्प बसले, तर कदाचित काहीच होणार नाही, आणि त्या 'कदाचित'सोबत मला या खोलीत बसावे लागेल. रोज सकाळी नऊला जिना उतरते, दार मागे आपोआप लागते, आणि काचेत मला टाकीआधी माझाच चेहरा दिसतो.

गेल्या आठवड्यात आई सहज बोलून गेली, "त्याला तळघर सोसलं नाही, म्हणून सोडलीन नोकरी." तू तिला हे सांगितलेस? ताकिदीचे एक अक्षरही नाही? मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

आता हे पत्र कशासाठी, ते. नियमावलीत एकच फट उरली आहे: ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने चौकशी समितीसमोर येऊन सांगितले, तर जहाज थांबवता येते. आज सकाळी मी माझे निवेदन दिले आणि साक्षीदार म्हणून तुझे नाव लिहिले. तुला न विचारता; त्याबद्दल हवे ते बोल. समितीचे बोलावणे याच पाकिटात आहे, सोमवारी अकराची वेळ. मला बाहेर बसवतील. आत तू एकटा असशील, आणि मला भीती आहे ती तू येणार नाहीस याची नाही. तू आईसमोर केलेस तेच तिथे करशील, मला सांभाळून घेशील, याची आहे. 'बहुधा', 'आठवते त्याप्रमाणे', असा एक शब्द जरी घातलास, तरी ते संशयाचा फायदा मला देतील आणि ड्रिल चालू राहील. काटा किती घसरला, किती वेळ, ते सांग. मी तुला सगळ्यांदेखत काय म्हणाले, तेही शब्दशः सांग. सांगताना जड गेले तर थांब, पाणी पी, आणि पुन्हा पहिल्यापासून सांग.

तुझीच, तुझ्या नोंदीवर रेघ मारणारी,
ताई