कॅसेटच्या शेवटी उरलेला आवाज

आई, परवा महाडला कॉलेजच्या हॉलमध्ये एका मुलीने मला तुझ्याबद्दल विचारलं. गाण्यातला आवाज तुझा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिने फक्त आवाजाबद्दल विचारलं.

मी काय करतो ते आधी सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा आपल्याकडे हे कोणी ऐकलंही नव्हतं. पोटासाठी मुंबईत जाहिरातींचा आवाज साफ करून देतो. उरलेल्या वेळात जुन्या तबकड्या आणि कॅसेटी शोधत फिरतो. त्यांतला एखादा तुकडा कापायचा, ढोलकीची एक थाप, पेटीचा भाता ओढल्याचा नुसता श्वास, कोरसमधल्या बायकांची अर्धी ओळ. तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, खाली ठेका द्यायचा, आणि त्यावर पोरं आपलं म्हणणं तालात बोलतात. गात नाहीत, बोलतात. हिप हॉप म्हणतात त्याला. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, ‘भांडतायत कशाला रे हे?’ आणि ते अगदीच चूक नसतं.

तर कॉलेजच्या पोरांनी बोलावलं होतं. अशा ठिकाणी प्रश्न ठरलेले असतात आणि माझी उत्तरंही. तबकड्या किती आहेत? मोजल्या नाहीत, बायको मोजू देत नाही. सगळ्यात दुर्मिळ कुठली? जी अजून मिळालेली नाही ती. कुठे शोधता? भंगारवाल्यांकडे, मंडपवाल्यांच्या माळ्यावर. पहिली कुठली घेतली? या प्रश्नाला मी नेहमी खरं उत्तर देतो, कारण त्यात तू आहेस. चवदार तळ्यावर मार्चमध्ये लोक जमतात तेव्हा रस्त्याकडेला पुस्तकांचे, फोटोंचे, कॅसेटींचे स्टॉल लागतात. तिथे एका म्हाताऱ्याकडे भीमगीतांच्या गायन पार्टीची एक जुनी तबकडी होती, कव्हर फाटलेलं. मी अकरावीत होतो. एसटीचे पैसे त्यात गेले आणि मी ओळखीच्या टेम्पोत मागे बसून पोलादपूरला आलो. तू भाकरी थापत होतीस. तबकडीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

‘वाजवनार कशावर?’

‘बघू कधीतरी.’

‘तव्यावर टाकू का? भाकरीच्या आधी दोन गाणी होतील.’

हॉलमध्ये हे सांगितलं की पोरं खूप हसतात. पुढचं मात्र मी सांगत नाही. ती तबकडी मी खिडकीत ठेवली आणि उन्हाने ती पापडासारखी वाकली. तेव्हा तू हसली नाहीस. पीठ भरल्या हातांनी उचललीस, पदराने पुसलीस आणि म्हणालीस, ‘दुसऱ्याचा आवाज हाय तो. असा उन्हात टाकतात?’ आपल्याकडे तेव्हा ती वाजवायला काही नव्हतं, तरी ती तू पत्र्याच्या पेटीखाली सपाट ठेवलीस, वर वरवंटा. ती सरळ झाली नाही. अजून माझ्याकडे आहे, अजून सुई तिच्यावर होडीसारखी हलते. पोरं विचारतात, कोणाचा आवाज घेताना परवानगी घेता का, तेव्हा मी म्हणतो, घेतो, माणूस सापडला तर घेतोच, नाही सापडला तर नाव शोधून लिहितो. ते तुझ्या त्या वाक्यामुळे. आणि हे म्हणताना दर वेळी आत काहीतरी खुपतं, कारण एका आवाजासाठी मी कोणालाच विचारलेलं नाही.

महाडचे ट्रकवाले चाचा, त्यांच्या ट्रकवर बाबा होते, कशेडीच्या घाटात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, आणि पुढे चाचांच्याच ओळखीने ते आखातात ड्रायव्हर म्हणून गेले. पहिल्या सुट्टीत त्यांनी टेपरेकॉर्डर आणला. पत्र लिहायचा तुला कंटाळा. लिहिता येत होतं, पण तू म्हणायचीस, कागदावर माझं बोलनं आजाऱ्यासारखं दिसतं. मग ठरलं, कॅसेटवर बोलायचं. महाडचं कोणी तिकडे जायला निघालं की चाचींकडून निरोप यायचा, आणि कॅसेट सुकटीच्या पिशवीत खोचून तू ती महाडला पोचवायचीस. बाबांचं उत्तर यायचं तेव्हा पहिलं वाक्य हमखास तेच: ‘अगो, कॅसेट रुमालात बांध. हितं टेपच्या मागं मांजर लागलंय.’ त्यावर आपली ओटी हसायची, कारण कॅसेट ऐकायला शेजारच्या बाया, त्यांची पोरं, सगळी आलेली असायची.

कॅसेट एकच होती. हे मी कोणाला सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. भीमगीतांचीच एक विकतची कॅसेट, तिच्या डोक्यावरच्या भोकांत तू कागदाचे बोळे कोंबले होतेस, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येतं. तू त्यावर बोलायचीस. बाबा ऐकायचे आणि त्याच बाजूवर, तुझ्या बोलण्यावरच, उत्तर भरून पाठवायचे. मग तू त्यांच्या उत्तरावर. बाजारात कोऱ्या कॅसेटी मिळत होत्या. पण पाटीवर लिहिलेलं पुसून पुढचं लिहावं, तसं आपल्या घरात ते सरळ होतं. ऐकून झालं, निरोप पोचला, आता ठेवायचं कशाला? मीही तेव्हा कधी म्हटलं नाही की राहू दे. मला आठवतं त्याप्रमाणे कोणाच्याच मनात ते आलं नाही.

बटणं दाबणं माझं काम. लाल आणि काळं एकदम दाबायचं, मग तुला मान हलवून खूण करायची. तू पदर सावरून बसायचीस, जसं काही बाबा समोर आलेत. भात किती झाला, कोणाच्या म्हशीने काय खाल्लं, उमरठच्या आत्तेच्या घरी कोण आलं होतं, सगळं सांगायचीस, आणि शेवटी तेच एक वाक्य, ‘बाकी सगळं ठीक हाय.’ की मी बंद करायचो.

एका दिवशी तू म्हणालीस, ‘सुरू कर आनि जा.’

‘आणि बंद?’

‘मी दाबीन. जा, पानी भर.’

‘पाणी भरलंय.’

‘मग सांड आनि परत भर.’

मी हसत बाहेर गेलो. वाटलं, नवराबायकोचं काही असेल. अंगणात फणसाखाली बसलो. आतून तुझा आवाज येत होता, शब्द नाही. बराच वेळ येत होता. मग थांबला, आणि तू हाक मारलीस. मी आत गेलो, बटण दाबलं. तुझा चेहरा मला आठवत नाही. पुष्कळदा आठवून पाहिला. जो आठवतो तो मी नंतर तयार केलेला असावा, म्हणून इथे लिहीत नाही.

त्या खेपेचं उत्तर आलं तेव्हा शेजारी कोणी जमले नाहीत. मी कॉलेजातून आलो तर तू म्हणालीस, टेप अडकला रे त्यात, काय ऐकू आलं नाय. थोड्या दिवसांत बाबाच आले. तू तेव्हा खाटेला लागली होतीस. माझी बारावीची परीक्षा संपली आणि मग मला सगळं सांगण्यात आलं, म्हणजे सांगण्यासारखं जेवढं उरलं होतं तेवढं.

कॅसेट मला पुढे बऱ्याच वर्षांनी सापडली, मी तबकड्यांच्या नादाला लागलो तेव्हा. घरातलं जुनं काय काय वाजतं ते पाहत होतो. ती अडकलेली नव्हती. बाबांचा आवाज होता, स्वच्छ. सुकटीचं आणि मांजराचं नेहमीचं, पण घाईघाईत. मग म्हणतात, ‘तू सांगितलंस ते ऐकलं. परत लावून ऐकलं. पोराला आता कळू देऊ नको, त्याची परीक्षा होऊ दे. मी साहेबाशी बोलतो. तू डॉक्टरकडं जा, चाचींना घेऊन जा, एकटी जाऊ नको.’ मग नुसता श्वास. मग खट्. बाबांचं बोलणं नेहमीपेक्षा आखूड होतं, तुझं लांब होतं. म्हणून त्यांच्या खट्‌च्या पुढे तुझं थोडंसं उरलं. एक अर्धा शब्द, आणि ‘बाकी सगळं ठीक हाय.’ मग चुलीचा आवाज. कोंबडा. तू खाकरतेस. मग दाराकडे तोंड करून: ‘ये रे, ह्ये बंद कसं करायचं?’

तेवढंच. इतकी वर्षं तू त्या फितीवर बोललीस आणि त्यातलं एवढंच राहिलं.

ते वाक्य मी घेतलं, आई, आधीच्या अर्ध्या शब्दासकट. तुला विचारायची सोय नव्हती, बाबांना विचारायचं धाडस नव्हतं. पोलादपूरचाच एक पोरगा माझ्या ठेक्यावर बोलतो: कंपनीतली कंत्राटी नोकरी, हायवेच्या रुंदीकरणात गेलेली पडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर तू येतेस. ‘बाकी सगळं ठीक हाय.’ लोकांना हे भयंकर आवडलं. परवा हॉलमध्ये सगळी पोरं हात वर करून तुझं वाक्य ओरडत होती, आणि हसत होती, कारण गाण्यात ते टोमण्यासारखं लागतं. मी बाजूला उभा राहून त्यांच्या तोंडांकडे पाहत होतो. मला अभिमान वाटला, हे खरं. आणि हे वाक्य तू कशानंतर म्हटलं होतंस हे यांतल्या एकालाही माहीत नाही, हेही त्याच वेळी मनात होतं. मलाही कुठे माहीत आहे?

मग ती मुलगी उठली. म्हणाली, ‘सर, तो आवाज कोणत्या रेकॉर्डवरचा? आम्ही खूप शोधलं.’

या प्रश्नावर इतके दिवस मी ‘एका जुन्या टेपवरचा’ असं सांगत आलो. ते खोटं नाही. परवा मात्र तोंडातून गेलं, ‘माझ्या आईचा.’

ती मुलगी बसली नाही. ‘मग त्याच्या आधी त्या काय म्हणतात? एक अर्धा शब्द ऐकू येतो.’

मी कॅसेटची गोष्ट सांगितली. तर मागून एक मुलगा, आवाजाचं शिकणारा असावा, म्हणाला, ‘सर, स्वस्तातला रेकॉर्डर आधीचं पूर्ण पुसत नाही. खाली पुसट राहतं. तुमच्याकडे तर सगळं सॉफ्टवेअर असेल. काढता येईल की.’

येईल की. त्याला काय सांगू, हे माझ्या पोटापाण्याचंच काम आहे. बाबा जिथे श्वास घेतात, जिथे थांबतात, तिथे खाली काहीतरी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे. सगळं नाही मिळणार, पण चार शब्द मिळतील. कदाचित तोच शब्द मिळेल. मी मुलाला म्हटलं, बघू. आणि माइक दुसऱ्याकडे दिला.

खरं तर याचं उत्तर मला बाबांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे. ते शेवटी शेवटी महाडला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे असायचे. एका दुपारी धीर करून विचारलं, ‘आई त्या टेपवर काय बोलली होती?’ ते शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

‘ते मला बोलली होती.’

‘हो, पण काय?’

‘तुला बाहेर पाठवला होता ना तिनं?’

‘हो.’

‘मग? आता कशाला आत येतोस?’

आवाजात राग नव्हता. शेंगांची वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. पुढच्या वर्षी तेही गेले, आणि आता तुझं ते बोलणं माहीत असलेलं कोणी नाही. खाली फितीत जे पुसट आहे तेवढंच. मी मुंबईला परत येताना, कोलाडपर्यंत, हाच विचार करत होतो. मला तुझं दुखणं ऐकायचं आहे का? ते तर मी पाहिलं. मला बहुधा हे ऐकायचं आहे की त्या बोलण्यात माझं नाव कुठे आलं का, तू मला सोडून जायला घाबरलीस का. म्हणजे मला माझ्याबद्दल ऐकायचं आहे. त्यासाठी तू लावलेलं दार उघडायचं? दुसऱ्याचा आवाज आहे तो. तू माझ्याशी बोलली असतीस तर गोष्ट वेगळी. तू सांगितलंस जा, पाणी भर. मी फणसाखालीच बरा.

त्या मुलाला तसं कळवीन. गाण्यातून मात्र तुला काढत नाही. त्याची परवानगी मी घेतलेली नाही हे लिहून ठेवतो, म्हणजे ते मला आठवत राहील.

हे कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील. पण एक गोष्ट मी परवा कोणाला सांगितली नाही. ‘बंद कसं करायचं’ याच्या पुढे त्या फितीवर आणखी थोडं आहे. अंगणातून पावलं येतात, भरभर, दाराचा आवाज होतो, आणि खट्. ती पावलं माझी. तुझं बोलणं मी थांबवलं, आणि ते तिथे ऐकू येतं. कधी कधी मी ती कॅसेट आपल्या जुन्या टेपवर लावतो. तू खाकरतेस, मला हाक मारतेस, ‘ये रे.’ आणि पावलं सुरू व्हायच्या आत मी टेप बंद करतो.